भिंग न लावलेला खडा

३ मार्च

ताई,

तू फोन उचलतेस पण तुला ऐकू येत नाही. कानातलं मशीन घाल म्हटलं, तर ते कपाटात नीट ठेवलंय म्हणतेस. म्हणून कागद घेऊन बसलोय. बसलोय म्हणजे उशीला टेकून आडवा आहे.

मंगळवारी कारखान्यात अकराच्या सुमाराला हाराच्या मधल्या फुलात खडा बसवत होतो. कोंदणात खडा ठेवला, कड दाबायला छिन्नी उचलली, आणि उजव्या बाजूला पाठीत, बरगडीच्या खाली, कुणीतरी ओलं धुणं पिळावं तसं आतून पिळलं. आधी वाटलं, फार वेळ वाकून बसलोय. मग कळ तिथून निघाली ती पोटावरून खाली जांघेपर्यंत. तुझ्यासमोर काय लाजायचं, तू आयुष्यभर लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्या तपासल्यास. बसवेना, उभं राहवेना, शेवटी टेबलाखाली गुडघ्यांवर गेलो. शेजारच्या कारागिराला वाटलं माझा खडा खाली पडलाय. तो बिचारा उतरून शोधायला लागला, त्याला पाहून तिसरा उतरला. आम्ही तिघं फरशीवर रांगतोय आणि मालक दारात उभे राहून विचारताहेत, कितीचा होता. त्यानंतर मला उलटी झाली, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

सोनोग्राफीत निघालं की मुतखडा आहे, सात मिलिमीटर, किडनीतून खाली उतरणाऱ्या नळीत वरच्या बाजूला अडकलाय. मी विचारलं, गोल की लांबट? डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्यात सातचा खडा म्हणजे अंगठीतला मुख्य खडा, आकार विचारल्याशिवाय कसं राहवेल. गोळ्या दिल्यात, भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, लघवी गाळणीतून गाळायला सांगितलीय. तीन आठवड्यांत पडला नाही तर पुन्हा सोनोग्राफी, मग लेझर.

पाण्याचं तुला ठाऊकच आहे. जागेवरून उठायचं तर ताटलीतले खडे मोजून द्यायचे, मांडीवरचं कापड पांढऱ्या कागदावर झटकायचं, नखं ब्रशने घासायची, मग जायचं. आलं की पुन्हा मोजून घ्यायचे. बाबा याच कारखान्यात होते तेव्हाही हेच होतं. वरचेवर उठणाऱ्याकडे सगळे बघतात. म्हणून नऊला बसलो की जेवायला एकदा उठायचं, मग थेट सहाला. मला 'खुंटा' म्हणतात ते उगीच नाही.

तू असल्या खड्यांत तीस वर्षं काढलीस. हे काय असतं आणि किती घाबरायचं, एवढं सरळ सांग.

तुझा बारक्या

८ मार्च

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत नाही.

लघवीत क्षार असतात. पाणी पुरेसं असलं की ते विरघळून बाहेर जातात. पाणी कमी पडलं की, पाक आटल्यावर तळाला साखर धरते तसे ते धरायला लागतात. एक कण बसला की त्यावर दुसरा बसतो. तू पंचवीस वर्षं रोज नऊ ते सहा पाक आटवलास. याला नशीब वगैरे म्हणू नकोस.

पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक आपणहून पडतात. सातचा पडेलच असं नाही. गोळ्यांनी नळी थोडी सैल होते. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, कळ आली असताना घागर रिकामी करायची नाही, त्याने कळ वाढेल. गाळणी बारीक जाळीची घे. खडा मिळाला तर टाकून देऊ नकोस, मला पाठव. निवृत्त झाले तरी लॅबमध्ये मला कुणी अडवत नाही. खडा कशाचा आहे ते कळलं तर पुढचा टाळता येतो.

आता पुढचं दोनदा वाच. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. खडा वाट अडवून बसला की मागे लघवी तुंबते आणि किडनी फुगते. सुरुवातीला फार दुखतं. मग किडनीचं काम मंदावतं, ताण उतरतो आणि दुखायचं थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं. आत किडनी मुकाट्याने वाया जात असते. मी असे रिपोर्ट पाहिलेत. म्हणून खडा डोळ्यांनी तरी दिसला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या सोनोग्राफीत तो नाही असं तरी दिसलं पाहिजे. आणि थंडी वाजून ताप आला तर पत्र लिहीत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

दिवसातून किती वेळा उठतोस ते कळव. आकडा हवाय.

ताई

१९ मार्च

ताई,

तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. आकडा हवा म्हणे. लिहून घे: घरी चार, कारखान्यात एक.

पण बातमी चांगली आहे. गेल्या गुरुवारपासून कळ नाही. एकदम गेली. जेवण जातं, जिना चढतो, हिच्याशी भांडणसुद्धा पूर्वीसारखं करतो. कारखान्यात ज्याला त्याला या विषयातलं कळतं. एकाने कसल्याशा पाल्याचा काढा आणून दिला, चव सांगण्यासारखी नाही. दुसरा म्हणतो दोरीवरच्या उड्या मार. तिसऱ्याचं म्हणणं, दूध सोड. काढा घेतला, दूध सोडलं, उड्या तेवढ्या राहिल्या.

तुझं ते दोनदा वाचायचं वाक्य तीनदा वाचलं. गाळणीत अजून काही मिळालं नाही, हे खरं. पण बारीक होऊन गेला असेल. त्या हारात तीनशे बारा खडे आहेत, दोनशे बसवून झालेत. आता मी उठलो तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि त्याची छिन्नी मला माहीत आहे. हार झाला की बघू.

आणि ताई, डॉक्टर लेझर लेझर म्हणतात. बाबांचं विसरलीस का? त्यांचा खडा तर पडलाही होता. आईने दाखवलेला मला आठवतोय, चमच्यात ठेवून. नंतर पुडीत घालून डब्यात जपून ठेवला. खडा पडलेला, माणूस हिंडता फिरता, आणि तरी दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशनला नेलं ते परत आलेच नाहीत. मी आठ वर्षांचा होतो, पण एवढं कळत होतं की घरातून चालत गेलेला माणूस परत आला नाही. मला त्या टेबलावर झोपायचं नाही. हे मी तुला म्हणून सांगतोय, हिला सांगितलेलं नाही.

बारक्या

२४ मार्च

बारक्या,

बाबांचं राहू दे. तो काळ वेगळा होता.

तीन आठवडे झाले. कळ नाही आणि खडाही नाही, हे मला अजिबात पसंत नाही. बारीक होऊन जायला तो काही खडू नव्हे. हारातले उरलेले एकशे बारा खडे कुणीही बसवेल. तू दुसरी सोनोग्राफी करून घे. नाहीतर खडा पाठव. या दोन्हीतलं एक पुढच्या पत्रासोबत आलं नाही तर मी तुझ्या बायकोला सगळं कळवीन.

दूध कुणाच्या सांगण्यावरून सोडलंस? चालू कर.

ताई

२ एप्रिल

ताई,

हातच्या कांकणाला आरसा कशाला? सोबतची पुडी उघडून बघ.

सोमवारी सकाळी पडला. गाळणीत टण् करून आवाज आला, मला आधी कळेचना कशाचा. दुखलं थोडं, पण तू घाबरवलं होतंस तेवढं काही नाही. धुऊन, वाळवून, आमच्या पद्धतीच्या पुडीत घालून पाठवतोय. तुझ्या लॅबला काय आम्ल-बिम्ल ओतायचं ते ओतू दे. आता तरी जीव भांड्यात पडला ना?

हिला कळवायची गरज उरलेली नाही. ती उगीच धसका घेते. हाराचे पंचेचाळीस खडे राहिलेत. हल्ली इकडे हवा विचित्र आहे, दुपारीसुद्धा अंगात हुडहुडी भरते, कारखान्यात स्वेटर घालून बसतो. बाकी ठीक.

बारक्या

७ एप्रिल

बारक्या,

पुडी मिळाली. आज सकाळी लॅबमध्ये गेले. आता तिथे माझ्या हाताखाली शिकलेली बाई असते, तिने मला माझीच जुनी खुर्ची दिली.

खड्यावर आम्लाचा थेंब टाकला. काही झालं नाही. दुसरा टाकला, थांबले. काही नाही. मग काचपट्टीवर ओढून पाहिला, तर काचेवर चरा उठला. मुतखड्याने काचेवर चरा उठत नाही, तो स्वतः चुरतो. बाई म्हणाली, मॅडम, ही तर गारगोटी आहे. माणसाच्या पोटात गारगोटी तयार होत नाही. मला वाटलं, तू कारखान्यातला एखादा टाकाऊ खडा उचललास आणि माझ्याकडे खडा टाकून पाहिलास. राग आला.

मग मायक्रोस्कोपखाली धरला. धुरकट तपकिरी, सगळीकडून घासून खरबरीत केलेला. फक्त एका कडेला तांदळाच्या कणीएवढा पैलू आहे, घासायचा राहून गेलेला. तो पैलू पाहिला आणि मी खुर्चीतून उठले. हा खडा मी आधी पाहिलाय.

मी पंधरा वर्षांची होते. रविवार होता, आई तुला घेऊन बाहेर गेली होती. बाबांना पाणी द्यायला मी खिडकीपाशी गेले तर ते कुरुंदाच्या दगडावर हा खडा घासत होते. टाकाऊ खड्यांच्या डबीतून काढला होता, डबी शेजारीच उघडी होती. मी विचारलं, चांगला पैलू पाडलेला खडा का मोडताय? ते म्हणाले, आईला बोलू नकोस, हातातलं काम संपलं की मी स्वतः दवाखान्यात जाणार आहे. दुसऱ्या दिवशी तो खडा गाळणीत पडला. आईने तो चमच्यात ठेवून तुला दाखवला. मी तिथेच उभी होते.

खरा खडा आतच होता, बारक्या. त्यांचीही कळ थांबली होती. सात आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला तेव्हा नेलं. किडनीत पू झाला होता, तो रक्तात पसरला होता. ऑपरेशन केलं ते पू काढायला. बाबा ऑपरेशनने गेले नाहीत. ऑपरेशन उशिरा झालं म्हणून गेले. आई शेवटपर्यंत डॉक्टरांना बोल लावत राहिली आणि मी तिला लावू दिला. माझ्या तोंडून खरं निघालं असतं तर तिला कळलं असतं की मला आधीपासून माहीत होतं. एवढ्या एका भीतीने मी त्रेचाळीस वर्षं गप्प बसले. मला त्याची लाज वाटते.

आता तुझं. बाबांची पुडी तुझ्याकडे असते. तू ती मला पाठवलीस, म्हणजे तुझा खडा आत आहे. आणि ती हुडहुडी हवेमुळे नाही.

हे पत्र पोचायची वाट मी बघणार नाही. दुपारी तुझ्या बायकोला फोन केला. मला ऐकू येत नाही पण बोलता येतं. तेच तेच तीनदा बोलले आणि ठेवून दिला. तिने काय उत्तर दिलं मला माहीत नाही. आता इथे बसून राहण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

ताई

१० एप्रिल

ताई,

मी तुमची भावजय लिहितेय. त्यांना लिहिता येण्यासारखं नाही, हाताला सलाईन आहे. पण शुद्धीवर आहेत.

तुमचा फोन आला तेव्हा मी हॅलो म्हणेपर्यंत तुम्ही सुरू केलंत. "खडा आतच आहे, त्याला आजच दवाखान्यात ने, ताप असेल तर आत्ता ने." तीनदा. मी मध्ये मध्ये हो हो म्हणत होते, ते भिंतींनी ऐकलं. ताप होता. चार दिवसांपासून होता. मला म्हणत होते ऊन लागलंय. ऊन लागलेला माणूस स्वेटर घालून का बसतो, हे मला विचारायचं सुचलं नाही, त्याचं वाईट वाटतं.

मी तशीच कारखान्यात गेले. मला आत सोडत नाहीत म्हणून त्यांना दारात बोलावलं. ते म्हणाले, खडा पडलाय, ताईला पाठवलासुद्धा. मी म्हटलं, ताईंचाच फोन आला होता. ते तसेच मागे वळले. मग आत गेले, ताटलीतले खडे मोजून दिले, कापड झटकलं, नखं घासली. अंगात एकशे तीन ताप आणि माणूस नखं घासतोय. मी दारात उभी राहून बघत होते.

इथे लगेच सोनोग्राफी केली. उजवी किडनी फुगून दुप्पट झालीय. डॉक्टर म्हणाले, आधी तुंबलेलं बाहेर काढायचं, खड्याचं ताप उतरल्यावर बघू. खालूनच आत नळी घातली, कुठे कापलं नाही. टेबलावर नेताना त्यांनी माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. नळीतून जे आलं ते मी पाहिलं. ते लघवीसारखं नव्हतं. ताप आज उतरायला लागलाय. ही किडनी पुन्हा काम करेल की नाही ते मात्र आत्ता कुणी सांगत नाही. तीन महिन्यांनी तपासणी करून कळेल म्हणाले.

तुमचं पत्र आज आलं. त्यांच्या नावाचं होतं म्हणून फोडलं नाही, उशाशी ठेवलं. मघाशी त्यांनी एका हाताने फोडलं आणि वाचलं. खडा आत असल्याचं ताईंना कसं कळलं, असं मी विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपले. तुम्ही दोघं भावंडं काय एकमेकांना लिहिता ते तुमचं तुम्ही बघा. पण पुढच्या वेळी त्यातलं निम्मं तरी मला कळवत जा.

मशीन कानात घालत जा, ताई. मला तुमच्याशी बोलायचं होतं.

तुमची भावजय

२ मे

ताई,

ताप आठ दिवसांत गेला. अठ्ठावीस तारखेला लेझर झालं. दुर्बीण खालून घालून खडा आतल्या आत फोडला आणि तुकडे काढले. पाऊण तास लागला म्हणे, मला काही कळलं नाही. जाग आल्यावर आधी घड्याळ बघितलं. ते चालू होतं, म्हणजे मी होतो.

तुझं पत्र मी दवाखान्यात चारदा वाचलं. तुझा राग आला. अजून आहे, लपवत नाही. मला तू जगातलं खडान्खडा सांगत आलीस, हा एक खडा सोडून. मी सगळं आयुष्य डॉक्टरांना घाबरत काढलं. दात दुखला तरी लवंग धरून बसायचो. तू एक वाक्य बोलली असतीस तर माझी ती भीती गेली असती.

पण दवाखान्यात वेळ फार असतो, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. तू गप्प बसलीस ती पंधराव्या वर्षी, वडिलांनी सांगितलं म्हणून. मी खोटं पाठवलं ते एकावन्नाव्या वर्षी, डोकं ठिकाणावर असताना, बहिणीला फसवायला. आणि फसवायला काय निवडलं, तर बाबांचा खडा. माझं म्हणणं असं होतं की टाकाऊ खडा पाठवला तर तुझी लॅब पकडेल, खरा मुतखडा पाठवला तर नाही पकडणार. घरात खरा एकच होता. म्हणजे मला वाटत होतं की आहे.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील. पंचवीस वर्षं खडे पारखणाऱ्याला गारगोटी कशी ओळखता आली नाही? त्या पुडीला मी मोठेपणी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी उघडली, चिमट्याने उचलला, नव्या कागदात टाकला आणि घडी घातली. भिंग समोर होतं. बाबांच्या अंगातून निघालेल्या वस्तूला भिंग कसं लावायचं, असं वाटलं. गिऱ्हाइकाचा खडा असता तर आधी भिंग उचललं असतं.

सोबत माझा खडा आहे, या वेळी माझाच. तुकडेच उरलेत. भिंगाखाली धरून पाहिले. काटेरी, ओबडधोबड, कुठल्याही कोंदणात बसणार नाहीत. बाबांचा खडा मला परत पाठव.

बारक्या

ता. क. हार मालकांनी दुसऱ्याकडे दिला. शेवटचे चाळीस खडे त्याने बसवलेत. दोन हलताहेत असं ऐकतो.

९ मे

बारक्या,

आम्लात तुकडा टाकला, बघता बघता विरघळला. काचेवर चरा उठला नाही, तुकड्याचीच भुकटी झाली. कॅल्शियम ऑक्झलेट. सर्वात जास्त सापडणारी जात, यात तुझं काही वेगळेपण नाही.

दूध सोडायचं नाही. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून लोक दूध सोडतात आणि आणखी खडे करून घेतात. मीठ कमी कर. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, त्या मानाने पाणी पी. रंग जवळजवळ पाण्यासारखा हवा, पिवळी धमक दिसली की कमी पडलं समज. पाण्याच्या ग्लासात लिंबू पिळलंस तर चांगलंच. यासाठी कारखान्यात उठावं लागेल. ऊठ. ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा होतो, हे मी शेकडो नावांसमोर दोन-दोनदा लिहिलंय.

तुझा राग मला मान्य आहे. माफी मागण्यासारखं मला छान लिहिता येणार नाही. एक मात्र सांगते, जे कुणी मला विचारलं नाही. मी लॅबमधली नोकरी धरली ती बाबांच्या त्या खड्यामुळे. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आलेला प्रत्येक खडा मी आधी काचेवर ओढून पाहायचे. तसा नियम नव्हता, सगळे हसायचे. तीस वर्षांत तीन गारगोट्या सापडल्या. एक बाई होती, बाळाला सोडून दवाखान्यात राहायचं नव्हतं तिला. एक म्हातारे होते. एक बसचालक होता. तिघांनाही मी पत्ता शोधून बोलावून घेतलं, तिघांचेही खरे खडे आतच निघाले. बाबांना बोलावून घेणारं कुणी नव्हतं. म्हणजे मी होते.

चौथी गारगोटी तुझी आली. तुझा पत्ता शोधावा लागला नाही.

बाबांचा खडा सोबत आहे. त्याचं काय करणार ते कळव, किंवा नको कळवूस.

ताई

१४ ऑगस्ट

ताई,

तीन महिन्यांची तपासणी काल झाली. दोन्ही किडन्या मिळून जे काम करतात त्यातलं एकतीस टक्के उजवी करते. खरं तर पन्नास हवं. एकोणीस टक्के मी त्या हारात बसवले, असं समज. पण राहिली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर काढला असतात तर ती काढून टाकावी लागली असती, कदाचित तुम्हीही राहिला नसतात. ही शेजारीच बसली होती. घरी येताना जिन्यात थांबून रडली. आता तिला सगळं सांगितलंय, बाबांचंसुद्धा.

कारखान्याचं ऐक. मी मालकांकडे जाऊन सोनोग्राफीचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी उलटसुलट धरून पाहिला आणि म्हणाले, कळत तर काही नाही, पण खड्यांची मोजणी मी सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नका. प्रत्येक ताटलीवर काचेचं झाकण करू, त्याला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. उठायचं तर झाकण लावायचं, कापड झटकायचं आणि जायचं, मोजणी फक्त सकाळ-संध्याकाळ.  तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून झाकणाचं माप घेतलं. मागाहून कळलं, त्यांचा स्वतःचा एक खडा दोन वर्षांपूर्वी निघालाय. आता मी दिवसात सात वेळा उठतो. खुंटा हे नाव गेलं, मला आता 'भोवरा' म्हणतात.

सोबतच्या डबीबद्दल. बाबांचा खडा पैलू पाडणाऱ्याकडे नेला. मधोमध कापून घेतला आणि दोन्ही तुकड्यांना पैलू पाडून घेतले, बाबांनी मोडले होते तेवढेच. ती कणीएवढी जुनी कड एका तुकड्यावर तशीच ठेवायला सांगितली. धुराच्या आत उजेड दिसावा तसा खडा निघाला, टाकाऊ कुणी ठरवला होता कोण जाणे. भिंग लावून मी दोन्ही कोंदणात बसवले. दोन कुड्या झाल्या. जुनी कड असलेली तुझी, दुसरी मी घातलीय. कारखान्यात दिवसभर हसले. ही म्हणाली, या वयात शोभत नाही, पण काढू नका.

तर आपल्या दोघांच्या कानाला हा खडा. मी खोटं पाठवायचं नाही, तू माहीत असून गप्प बसायचं नाहीस.

तुझी कुडी डाव्या कानात घाल, उजव्यात मशीन. रविवारी सकाळी दहाला फोन करतोय. किती वेळा उठलो ते विचार, खरा आकडा सांगीन.

तुझा बारक्या